दार मोठं करणारी माणसं
(अवसरी बुद्रुक येथील ख्रिस्ती संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीने तुमचं अवसरी बुद्रुकमध्ये मनापासून स्वागत करतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या घोड नदीचा आणि डिंभे धरणाच्या पाण्याचा हा मुलूख. कांदा, बटाटा, ऊस ही इथली पिकं आणि बैलगाडा शर्यत म्हणजे जीव की प्राण. तुम्ही बसला आहात त्या सतरंज्या आणि मागे चुलाणावर चढलेली पातेली गावातल्या वेगवेगळ्या घरांतून आली आहेत. कुणी भाडं सांगितलं नाही, की कार्यक्रम कोणत्या धर्माचा म्हणून विचारलं नाही. त्या सगळ्या घरांचे आभार मी शेवटासाठी राखून न ठेवता आत्ताच मानतो.

देवाची प्रीती वाटणं आणि अडचणीतून वाढणं हा आपल्या संमेलनाचा विषय आहे. त्यावर प्रवचनं दोन दिवस होतीलच. स्वागताध्यक्षाने पाहुण्यांना आपला परिसर दाखवायचा असतो, म्हणून मी तुम्हांला आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला घेऊन जातो.

तिथं मुक्ति सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना भूक पुस्तकातून कळली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण अशी तिघं गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं खरी परीक्षा झाली. रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे. मुलींना त्या बोलावत नसत आणि आपणहून आलेल्या मुलीला हाकलतही नसत. एवढ्यावरून १८९३ मध्ये पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

एखाद्याने दार लावून घेतलं असतं. रमाबाईंनी काय केलं ते पाहा. सदनाला अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षं मदत कबूल केली होती आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढं स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. तेवढ्यात १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने उपासमार सोसली होती तिला घरी बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर. इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. मग बागेच्या जागेवर आधी तात्पुरता निवारा झाला आणि १८९८ मध्ये मुक्ति सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथं राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावला मुली नुसत्या जेवत नव्हत्या. विणकाम, तेलघाणा, दुभती जनावरं, छापखाना असं सगळं त्या चालवायच्या. मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवायच्या. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं आणि ते त्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी खिळे जुळवून छापलं गेलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या तरी आईचं काम थांबलं नाही. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाईही गेल्या आणि दोन वर्षांनी ते बायबल प्रसिद्ध झालं.

आता जिल्ह्याची हद्द ओलांडून जामखेडला या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्यात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता आले असते. म्हणून १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावोगावच्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर साऱ्या गावाने तिकडे जायचं! शिवाशिवीवर याहून नेमकं प्रवचन मी ऐकलेलं नाही. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. अडचण आली तेव्हा या माणसांनी आपलं दार लहान केलं नाही, मोठं केलं. विश्वास वाढला तो तिथंच.

आपण जुन्नर-आंबेगावात मूठभर आहोत. तरुण पोरं चाकण-पिंपरीला कामाला गेली, रविवारच्या उपासनेला म्हातारीकोतारी उरली. त्यात मंडळी जेवढी लहान तेवढी भांडणं मोठी. पेटीची किल्ली कुणाकडे यावरून वर्ष वर्ष अबोला चालतो. शिवाय आपण कुणाला मदत केली की यांचा काही हेतू असेल, अशी कुजबुज होते. त्यावर रागावू नका. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेतल्या जखमीला पट्टी बांधली, धर्मशाळेचे पैसे भरले आणि तो आपल्या वाटेने गेला. जखमीला त्याने कशाचीही अट घातली नाही. अट नसलेल्या प्रीतीवरची कुजबुज फार दिवस टिकत नाही.

आणि काम शोधायला लांब जायला नको. दिवाळी झाली की पारगावच्या भीमाशंकर कारखान्याच्या उसाला बीड-नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. पाचटाची कोपी, दाराला जुन्या साडीचा पडदा, बाहेर तीन दगडांची चूल. आईबाप अंधारातच कोयता घेऊन फडात आणि धाकटं पोर थोरलीच्या कडेवर. थोरलीची शाळा तिथंच सुटते. हा सगळा बिबट्यांचा मुलूख. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. अशा रानात त्या कोपीला धड दिवाही नसतो.

माझी विनंती साधी आहे. यंदाच्या हंगामात प्रत्येक मंडळीने एकेक टोळी आपली मानावी. कोपीला सौरदिवा द्यावा, संध्याकाळी तासभर पोरांना शिकवावं, दिवस भरत आलेल्या बाईला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचवावं. बदल्यात काही मागू नये, फोटोसुद्धा काढू नये. त्यांनी होऊन विचारलं, तुम्ही हे का करता, तर मोकळेपणाने सांगावं. आपली साक्ष तिथून सुरू होते.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्काने सांगा, सांभाळूनही घ्या. दुपारच्या पंगतीला मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी आहे. मात्र मंडपाच्या तोंडाशी एक वही ठेवली आहे. आपली मंडळी कोणत्या शिवारातली टोळी सांभाळणार आणि जबाबदारी कुणाची, हे त्या वहीत लिहून मगच पानावर बसावं, असं वाढप्यांना सांगून ठेवलं आहे. अध्यक्षसाहेब, पहिली नोंद आपल्या हस्ते व्हावी आणि संमेलनाला सुरुवात व्हावी, अशी विनंती करतो.