प्रश्नाचा पाठपुरावा



या शाळेत आयुष्य वेचलेल्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. अशा प्रसंगी दिवंगतांचे गुणवर्णन करण्याचा प्रघात आहे. परंतु शिक्षकाचे खरे स्मारक त्याने वर्गात जे जपले ते पुढे चालू राहण्यातच असते, असे मला वाटते. गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट मी अनेकांच्या तोंडून ऐकली. कोणी प्रश्न विचारला की गुरुजी लगेच उत्तर देत नसत. ते म्हणत, "पाहून ये, आणि मग मला सांग." आजच्या व्याख्यानाचा विषय मी या एवढ्याशा वाक्यातूनच घेतला आहे.

आपल्या भाषेने जाणून घेण्याच्या वृत्तीसाठी अनेक शब्द राखून ठेवले आहेत आणि त्यांच्यात तारतम्यही केले आहे. शेजाऱ्याकडे कोण आले, किती वाजता गेले, याची विचारपूस करणाऱ्याला आपण भोचक म्हणतो. बाजारात चार दुकाने फिरून, माल पारखून घेणाऱ्याला चौकस म्हणतो. जत्रेतल्या लहान मुलाच्या डोळ्यांत असते ते कुतूहल. पुढचे दुकान आले की मागचे विसरले जाते. या सर्वांहून निराळा शब्द म्हणजे जिज्ञासा. 'ज्ञा' या धातूचे हे इच्छार्थक रूप आहे. पिपासा, शुश्रूषा हे शब्द याच घडणीचे. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा आणि शुश्रूषा म्हणजे, मूळ अर्थाने, ऐकण्याची इच्छा. जैमिनींनी आपल्या सूत्रांचा आरंभ धर्माच्या जिज्ञासेने केला आणि बादरायणांनी ब्रह्माच्या. एवढ्या थोर ग्रंथांच्या उंबरठ्यावर हा शब्द उभा आहे. तहानलेला मनुष्य पाण्याचे नाव घेऊन स्वस्थ बसत नाही. तो पाण्यापर्यंत चालत जातो. जिज्ञासेचेही तसेच आहे. प्रश्न सुचणे हा तिचा आरंभ होय; त्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याचे कष्ट सोसणे हे तिचे खरे लक्षण होय.

हे कष्ट कोणत्या प्रकारचे असतात, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १४ जानेवारीला आपले सारे बडोदे गच्चीवर असते. या सणाला येथे उत्तरायण म्हणतात. भूगोलाचे पुस्तक मात्र सांगते की, सूर्याचा उत्तरेकडील प्रवास २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू होतो. मग खरे काय मानावे? परीक्षेपुरते पुस्तक आणि पतंगापुरता सण, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. पण हा प्रश्न मैदानात नेता येतो. शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी आणि रोज माध्यान्ही तिची सावली मोजावी. बडोद्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास ती सावली सुमारे १०२ सेंटीमीटर भरेल, आणि १४ जानेवारीस ती सहा-सात सेंटीमीटरांनी आखूड झालेली दिसेल. सूर्य परतीला लागून तीन आठवडे उलटले आहेत, ही गोष्ट मग पुस्तकातली राहत नाही. ती आपल्या मोजपट्टीवर उमटते.

आणि मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : हा फरक पडला कसा? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डुलतो. त्याची एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतात. आपले पंचांग मकर राशीतला प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजते, ऋतू मात्र अयनबिंदूंप्रमाणे चालतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच सुमारास घडत. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. सण खोटा नाही आणि पुस्तकही खोटे नाही. त्या दोहोंमधल्या अंतरात सतरा शतकांचा काळ साठून राहिला आहे.

या विषयावर मराठीत अधिकारवाणीने लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे एक शिक्षक होते, ही गोष्ट मला येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. १८५३ साली कोकणातील मुरुड येथे त्यांचा जन्म झाला. शाळाखात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी प्राचीन सिद्धांतग्रंथ आणि पंचांगे तपासली, गणिते पडताळली, सायन पंचांगाचा पुरस्कार केला आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथही बाहेर आला. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशी गाठण्यापूर्वी, ते निवर्तले. वेधशाळा त्यांच्या हाताशी नव्हती. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या पंचांगाकडे त्यांनी प्रश्न म्हणून पाहिले, हेच त्यांचे भांडवल.

जिज्ञासेचे दुसरे उदाहरण आपल्या गावाशी थेट जोडलेले आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. घरची शेती आणि नारळीची बाग पाहण्यात दिवस जात होते. अशा वेळी 'बालबोध' या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धचरित्रावरील एक लेख वाचला आणि हा महापुरुष नेमका कोण, त्याने काय सांगितले, हे मुळातून समजून घेण्याची ओढ त्यांना लागली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेतली. पुढे ग्वाल्हेरीवरून काशीस जाऊन, अन्नछत्रात जेवून, ते संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. मग सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात ते पालीचे अध्ययन करू लागले. त्यानंतर ब्रह्मदेशातही राहिले. एका लेखाने जागविलेला प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे, देशोदेशी पायी तुडविला.

परतल्यावर ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. आपल्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कळविले की, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून काम करावे, दरमहा पन्नास रुपये मिळतील. अट एवढीच की वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. कलकत्त्यातील अधिक वेतनाचा मोह सोडून धर्मानंदांनी हे पन्नास रुपये स्वीकारले. बडोद्यात त्यांनी बौद्ध धर्मावर व्याख्याने दिली. पुढे हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली प्रसिद्ध झाली. ज्या राजाने १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये पोहोचविण्याची व्यवस्था उभारली, त्याला हे उमगले होते की जिज्ञासू माणसाला बक्षिसापेक्षा सवड आणि पुस्तके अधिक लागतात.

ही कथा सांगताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धर्मानंद निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक घरी होत्या. ज्ञानाच्या त्या यात्रेची किंमत त्यांनीही मोजली आणि ती मोजताना त्यांना कोणी विचारले नव्हते. बाळाबाईंच्या मनात कोणते प्रश्न होते, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. माणिकने पुढे अमेरिकेत जाऊन उच्च शिक्षण घेतले, म्हणजे एका पिढीत दार काहीसे उघडले. परंतु आजही कित्येक घरांत मुलाने विचारले तर तो हुशार ठरतो आणि मुलीने विचारले तर ती आगाऊ ठरते. जिज्ञासेचे मोल सांगणाऱ्याने तिचा हक्क कोणाकोणाला मिळतो, हेही विचारले पाहिजे.

धर्मानंदांचे पुत्र दामोदर हे गणिती. त्यांनी हाच वारसा निराळ्या रीतीने चालविला. संख्याशास्त्र प्रत्यक्ष वापरून पाहावे म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलायला घेतली. नाणे हातोहात फिरते तेव्हा दर व्यवहारात ते कणभर झिजते. एका नाण्यावरून काही कळत नाही. परंतु शेकडो नाणी काळजीपूर्वक तोलली तर अधिक काळ वापरात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते आणि त्यावरून त्यांचा कालक्रम लावता येतो. मग प्रश्न आला, ही नाणी पाडली कोणी? त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते संस्कृत ग्रंथांकडे वळले आणि तेथून भारतीय इतिहासाकडे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इतिहासाभ्यासाच्या ग्रंथाने पुढील संशोधकांना वाट दाखविली. वडिलांनी प्रश्न चालून सोडविला, मुलाने तो तोलून सोडविला.

मित्रहो, आपण सारे काही देशांतराला निघणार नाही. पण स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर जिज्ञासेला काम कमी नाही. उन्हाळ्यात माठातले पाणी गारेगार होते आणि पावसाळ्यात त्याच माठातले तेवढे होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. पावसाळी हवा आधीच बाष्पाने भरलेली, म्हणून ती वाफ सावकाश होते. हे ज्याला समजले त्याला पावसाळ्यात ओले कपडे का वाळत नाहीत आणि दमट हवेत घामाने जीव का हैराण होतो, हेही समजले. तीच सवय नागरिकाच्याही उपयोगी पडते. फोनवर आलेला एखादा संदेश एखाद्या औषधाविषयी किंवा एखाद्या जमातीविषयी काही सांगतो, तेव्हा "हे कोणी पाहिले? कसे कळले?" एवढे दोन प्रश्न विचारणारा माणूस स्वतःला आणि गावाला मोठ्या अनर्थातून वाचवू शकतो.

आता आपल्या शाळेविषयी थोडे स्पष्ट बोलतो. पटसंख्या घटते आहे, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. पालक विचारतात, गुजरातेत राहून मुलांना मराठी शाळेत का घालावे? भाषेच्या अभिमानाचे उत्तर मी देणार नाही; अभिमानावर मुलाचे भवितव्य उभे राहत नाही. माझे उत्तर असे आहे. मूल आपला पहिला 'का' घरच्या भाषेत विचारते. तो 'का' शाळेच्या दारात अडखळला नाही, तर तो लांब जातो. पोर्तुगीज अमलाखालील एका खेड्यात मराठी मासिकाचा एक अंक पोहोचला, आणि जेमतेम शाळा शिकलेला एक तरुण त्या धाग्याने हार्वर्डपर्यंत गेला. गुजराती, हिंदी, इंग्रजी आपल्या मुलांनी उत्तम शिकाव्यात. कोसंबी तर संस्कृत आणि पालीसाठी सिंहल-ब्रह्मदेशांपर्यंत गेले. पण मराठी शाळा केवळ मराठीतून गाईड पाठ करवून घेणार असेल, तर ती चालवण्याचे समर्थन मलाही करता येणार नाही. मुलांच्या प्रश्नाला येथे इतर ठिकाणांहून अधिक जागा मिळते, असे पालकांना दिसले तरच ही शाळा टिकेल आणि टिकावी.

उत्तर आज खिशातल्या फोनवर क्षणात मिळते. ही सोय मी कमी लेखत नाही. शंकर बाळकृष्णांना ती लाभती तर त्यांचे कितीतरी श्रम वाचले असते. मात्र सावली मोजण्याआधीच उत्तर हाती पडले, तर दुसरा प्रश्न जन्माला येत नाही. शिक्षकाचे काम आज बदलले आहे. उत्तर पुरविणारे पुष्कळ आहेत. प्रश्न काही काळ जिवंत ठेवणारा वर्गात तो एकटाच आहे.

म्हणून विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. गुरुजींच्या स्मृतिनिधीतून दर वर्षी गुणवत्ता यादीतील विद्यार्थ्यास पारितोषिक दिले जाते. त्याच्या जोडीला आणखी एक पारितोषिक असावे, प्रश्नवहीचे. पाचवीपासून पुढील कोणत्याही विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने आपला स्वतःचा एक प्रश्न घ्यावा, वर्षभर त्याच्या मागे जावे आणि काय पाहिले, काय मोजले, कोणाला विचारले, हे तारखेसह वहीत लिहावे. उत्तर सापडलेच पाहिजे, अशी अट नसावी. वही पाहणाऱ्यांनी अक्षर आणि शुद्धलेखन यांपेक्षा पाठपुरावा पाहावा. शिक्षकांनी फक्त एक पथ्य पाळावे : वर्ष संपेपर्यंत उत्तर सांगू नये.

येत्या २२ डिसेंबरला पटांगणात पहिली काठी रोवता येईल. त्यासाठी लागणारी मोजपट्टी प्रयोगशाळेत आहेच.