आपला किनारा कोणी कोणाला दिला?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेच्या आठवणी सांगणारे पुष्कळ जण आहेत, म्हणून मी इतिहासाच्या तासाचा एक राहिलेला धडा घेतो. आपल्या पुस्तकात वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरायचा, पुढच्या पानावर पोर्तुगीज गोव्यात असायचे आणि त्यापुढे इंग्रज मुंबईत. चौल, रेवदंडा, कोर्लई, उरण हा आपला किनारा त्या पानांच्या मध्येच राहून गेला.

युरोपीय आले तेव्हा चौल काही ओसाड नव्हतं. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ते ठाऊक होतं, अरब प्रवाशांनी त्याच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. पोर्तुगीजांच्याही आधी, १४७० च्या आसपास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथे उतरला होता. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. जाल तेव्हा जरूर पाहा.

पोर्तुगीजांना इथे पहिला मोठा मार बसला. मार्च १५०८ मध्ये इजिप्त आणि दीवच्या आरमारानं त्यांना चौलला गाठलं. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी दीवला सूड घेतला आणि समुद्रावर त्यांचा वचक बसला. तरी जमिनीवर कोट बांधायला परवानगी मागावीच लागली. ती १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं रेवदंड्यासाठी दिली. त्यात त्याचाही हिशेब होता. लष्कराला लागणारे घोडे समुद्रमार्गे येत, आणि तो मार्ग पोर्तुगीजांच्या हाती होता.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं असाच हिशेब केला. हुमायूनची धास्ती होती, दर्यावर मित्र हवा होता. त्यानं वसई आणि तिच्याखालची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यात मुंबई होती, आणि आपल्या उरणचं कारंजाही.

मग पाहणी सुरू झाली. १५३८-३९ मध्ये जुआंव द कास्त्रो आरमारासोबत गोव्याहून दीवला गेला. वाटेतल्या बंदरांचे नकाशे आणि वर्णनं त्यानं करून ठेवली. आपण सहलीला लाँचनं गेलो होतो त्या घारापुरीची लेणीही त्यानं पाहून लिहिली. ‘एलिफंटा’ हे नाव तिथल्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीच ठेवलेलं. तो हत्ती आज राणीच्या बागेत आहे. आणि आपला कर्नाळा! १५४० च्या सुमारास तोही काही काळ पोर्तुगीजांकडे होता. पुढे निजामशहानं पैसे मोजून परत घेतला.

१६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि मुंबई आंदणात गेली. १६६८ मध्ये चार्ल्सनं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिली. हे आपण वर्गात हसत-हसत पाठ केलं होतं. आज साठीत वाचताना त्यात वेगळंच दिसतं. देणाऱ्यांची नावं आहेत, घेणाऱ्यांची आहेत. पण तिथे जाळी टाकणारे कोळी, खाजणात भात पिकवणारे आगरी, माडावर चढणारे भंडारी हे त्या देण्याघेण्यात कुठेच नाहीत.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढच्या वर्षी चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. रेवदंड्याच्या कोटात आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सत्ता गेली, पण साध्या माणसांच्या तोंडचं राहिलं. कोर्लईत आजही काहीशे माणसं पोर्तुगीजमधून घडलेली बोली घरात बोलतात. तिला ती ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. बाहेर तीच माणसं तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात. आपणही पाव, बटाटा, चावी, पगार, हापूस म्हणतो, ते शब्द त्याच गलबतांतून उतरलेले.

पनवेल तर स्वतःच बंदर. मुंबईहून पुण्याला निघालेला इंग्रज साहेब होडीनं इथे उतरे आणि पुढे बोरघाट चढे. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली, ती उगाच नाही. पुढे पुण्याची रेल्वे कल्याण-कर्जतवरून गेली आणि बंदराची वर्दळ ओसरली.

हे सगळं आज का सांगतो? १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये आपण कॉलेजात होतो. तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जासई परिसरात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. या वेळी किनाऱ्यावरच्या माणसानं कागदावर आपलं नाव घालून घेतलं, पण त्याची किंमत फार मोठी होती. नंतर विमानतळासाठी दहा गावं उठली. आपल्या वर्गातले काही जण त्याच गावांचे.

म्हणून एक विनंती. शाळेच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवू. ज्यानं-त्यानं आपल्या गावाबद्दल लिहावं: होड्या कुठे लागत, मिठागर कोणतं, खाजणाचा बांध कोण घाली, आजी त्या जागेला काय म्हणायची. कास्त्रोनं त्याला दिसलेला किनारा लिहून ठेवला, म्हणून तो आपल्याला वाचता येतो. आपला किनारा आपण लिहिला नाही, तर उद्याच्या मुलांना फक्त सात-बाराचे आणि संपादनाचे आकडे मिळतील.

माझ्या गावाची चार पानं मी लिहून आणली आहेत. ती आज मुख्याध्यापकांकडे देतो. पाचवं पान कोणाचं, ते जेवायला बसण्याआधी ठरवून टाकू.