शाळा बातमीदारांची, वर्गणी कोणाची?

वाशीम, रिसोड किंवा कारंज्याकडच्या एखाद्या तालुका-वार्ताहराशी तुमची ओळख असेलच. सकाळी पंचायत समिती, दुपारी पोलीस ठाणे, संध्याकाळी कोणाचा तरी सत्कार, आणि दिवाळी जवळ आली की पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याची धावपळ. पुष्कळांना ठरलेला पगार नसतो. जाहिरातीवरच्या कमिशनवर घर चालवावे लागते. अशा माणसाला एके दिवशी पत्र येते, ‘आपण आमच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे माजी विद्यार्थी, विभागाच्या निधीस यथाशक्ति साहाय्य करावे.’ तो काय करतो? पत्र घडी करून खिशात ठेवतो, आणि पुढच्या मेळाव्याला जातच नाही. निधीची हाक आली की सर्वांत आधी मागे सरतो तो गरीब माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थी संघ काढणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

हे शिक्षण आपल्या भागाला अगदी नवे नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात आणि अकोला मध्यप्रदेशात. म्हणजे नागपूर ही आपली राजधानीच होती. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारिता शिकवली जाऊ लागली. २०११ साली भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीला आले, तेव्हा ही विद्या आपल्याला एस.टी.च्या टप्प्यात आली. आपली मुले अशी तीन-चार ठिकाणी शिकून पांगलेली आहेत.

आता पैशाचे पाहू. अमेरिकेत जोसेफ पुलित्झर या पत्रमालकाने कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर देऊ केले. १८९२ साली विद्यापीठाने त्याची कल्पना नाकारली होती. पुढे ती स्वीकारली, आणि शाळा उघडली १९१२ साली, त्याच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे पुलित्झर कुठून आणणार? आपल्याकडे पुढे येईल तो एखादा ठेकेदार, संस्थाचालक किंवा पुढारी. सभागृहाला वडिलांचे नाव द्या म्हणेल, चेकही लगेच फाडून देईल. पण उद्या त्याच सभागृहात शिकलेल्या मुलीला त्याच्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी लिहायची आहे! वैद्यकीय किंवा शेतकी कॉलेजाला ही अडचण फारशी येत नाही. बातमीदारांच्या शाळेला मात्र रोजच येणार.

म्हणून मला पैसा फंड आठवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत तो उभा केला, आणि त्यातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. एक पैसा देणारा कारखान्यावर हुकूम चालवू शकत नाही; पण कारखाना आपला आहे, असे म्हणायला मात्र तो मोकळा असतो. पत्रकारितेच्या शाळेला असाच पैसा हवा. वर्षाकाठी पन्नास रुपये देणारे हजार मिळाले, तर पन्नास हजार होतात. त्यात इमारत उभी राहत नाही, हे खरे. पण चार मुलांचे परीक्षा-शुल्क भागते, खेड्यात बातमीसाठी जायचे गाडीभाडे सुटते.

संघाची नोंदणी करावी, पावती द्यावी, वर्षाचा हिशेब छापावा. जिल्हा परिषदेला हिशेब विचारणाऱ्यांच्या संघाचा हिशेब गुलदस्त्यात असेल तर लोक हसतील. आणि देणगीदारांची यादी अकारविल्हे छापावी, रकमेच्या क्रमाने नको. रकमाही छापू नयेत. नाहीतर आमचा तालुक्याचा वार्ताहर पुन्हा घरीच बसेल.

पैशाखेरीजही माजी विद्यार्थी कामी येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारिता विभाग तिथून हलवून दुसऱ्या विभागात विलीन करण्याचे घाटले होते. आजी-माजी विद्यार्थी उभे राहिले, ओरड झाली आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. त्या आवाजाची पावती कोणी फाडली नव्हती.

मेळावा कधी भरवावा, हाही प्रश्नच आहे. रविवार म्हटले की उपसंपादक म्हणणार, सोमवारचा अंक कोण काढील? छापील वृत्तपत्रांची कचेरी वर्षातून मोजकेच दिवस बंद असते. त्यांतला एखादा धरावा. भाषणे एक-दोनच ठेवावीत (आम्हां पत्रकारांना भाषणे ऐकण्याचा पगार मिळतो, फुकट कशाला ऐकायची?) आणि जेवण पंगतीचे असावे. संपादक आणि मंगरूळपीरचा वार्ताहर एका पंगतीला बसले, की कोणाच्या कचेरीत जागा रिकामी आहे हे भाजी वाढेपर्यंत कळते.

तुमच्यापैकी कोणी अशा विभागात शिकला असाल तर एवढे करा. मानोऱ्याचा एखादा मुलगा प्रवेश घेऊन पहिल्यांदा नागपूरच्या बसस्थानकावर पिशवी घेऊन उतरतो, तेव्हा खोली मिळेपर्यंत आठ दिवस त्याला कुठे टेकायचे हेच माहीत नसते. त्याच्या खिशात तुमचा पत्ता असू द्या.