कोंबड्या झाडावर का गेल्या?

फौजेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरची गोष्ट हवी असते. मी आज कोंबड्यांच्या झोपेबद्दल बोलणार आहे. हसू नका. त्यात माझी एक चूक आहे, आणि तीच सांगायची आहे.

मध्य प्रदेशात महूजवळ आमचं घर आहे. मागच्या अंगणात आंब्याचं झाड, त्याच्या बाजूला खुराडं. चौदा कोंबड्या, एक कोंबडा. त्यातल्या सहा कडकनाथ, बाकी गावठी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच बघायला मागतो.

लहानपणी आजी दिवेलागणीला कोंबड्या डालायची. टोपल्याखाली झाकल्या, वर दगड ठेवला, झालं. त्यामुळे खुराडं म्हणजे मोठं टोपलं, एवढीच माझी समज. पहिलं खुराडं मी तसंच बांधलं, आत दांडीच नाही. मग कोंबड्या अंडी घालायच्या खोक्यांत झोपायला लागल्या आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली.

कोंबडी ही रानकोंबडीची वंशज. रानकोंबडी दिवसभर जमिनीवर चरते आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढते, कारण अंधारात तिला फारच कमी दिसतं. आपण तिला हजारो वर्षं पाळली, पण ही सवय गेली नाही. म्हणून दांडी हवी, आणि ती अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. दोनेक इंच रुंद, कडा तासलेली. त्यावर कोंबडी बसली की पोटाची पिसं बोटांवर येतात. माळव्यातल्या थंडीत तेच तिचं पांघरूण. एकीला वीतभर जागा पुरते.

पण जागा पुरली म्हणून भांडण टळत नाही. संध्याकाळची रेटारेटी बघण्यासारखी असते. कोण कोणाला टोचणार याचा त्यांच्यात ठरलेला क्रम असतो. शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने १९२१ मध्ये तो मांडला. वरची दांडी मानाची. आमची थोरली गावठी कोंबडी तिथे आधी जाऊन बसते, मग बाकीच्यांची वर्णी लागते. आणि झोप कशी, तर मेंदूचा अर्धा भाग झोपवून अर्धा जागा ठेवता येतो, एक डोळा उघडा. मी आयुष्यभर संत्र्यांच्या ड्यूट्या लावल्या. ही एकाच डोक्यात दोन पाळ्या लावते!

आता चुकीकडे येतो. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. एका संध्याकाळी कोंबड्या खुराड्याच्या दाराशी येऊन थांबल्या, आत जाईनात. दोघी आंब्यावर चढल्या. आमच्याकडे रानमांजराचा त्रास, म्हणून मी शिडी लावून त्यांना उतरवलं, एकेकीला आत ढकललं आणि कडी घातली. रोज हेच. सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी असेल त्यांचं." मी म्हणालो, "शिस्त बिघडलीय, दुसरं काही नाही."

दहा दिवस मी शिस्त लावली. अंडी कमी झाली, मी खाद्य बदललं. गावठी कोंबड्यांचे तुरे फिके दिसायला लागले, जंताचं औषध दिलं. अकराव्या सकाळी एक कडकनाथ दांडीखाली मरून पडलेली. कडकनाथचा तुरा मुळातच काळपट, तो उतरलेला मला कळलाच नाही.

कामाला येणाऱ्या मावशींनी मेलेली कोंबडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "साब, रात को टॉर्च लेके देखो. दिन में क्या दिखेगा?"

रात्री दहाला गेलो. दांडीच्या खालच्या अंगाला, सांध्यापाशी, लाल तिखट सांडावं तसं काहीतरी होतं, आणि ते हलत होतं. पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर रक्ताचे ओरखडे. रेड माइट. मिलिमीटरभरही नसतो. दिवसा लाकडाच्या फटीत लपतो, रात्री झोपलेल्या कोंबडीवर चढून रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत फटीत. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी. दिवसा कोंबडी कितीही तपासा, अंगावर काही सापडत नाही. त्या बिचाऱ्या रोज संध्याकाळी दाराशी उभ्या राहून मला हेच सांगत होत्या, आणि मी त्यांना शत्रूबरोबर कोंडून बाहेरून कडी लावत होतो.

दुसऱ्या दिवशी खुराडं रिकामं केलं. तूस जाळलं, दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं, फटींवरून फ्लेम गन फिरवली, पशुवैद्याने दिलेलं औषध मारलं, वरून चुना. चुना मारण्यात फौजी माणसाला कोणी हरवू शकत नाही. आठवड्याने पुन्हा सगळं तसंच केलं, कारण फटींत राहिलेली अंडी नंतर फुटतात. तेवढे दिवस कोंबड्या आंब्यावर, आणि खाली खुर्ची टाकून टॉर्च घेऊन मी. तरी आणखी एक गेली, तीही कडकनाथच.

पंधराव्या दिवशी थोरली दाराशी आली, मान वाकडी करून दांडीकडे बघत राहिली, आणि आत गेली. मागोमाग बाकीच्या. मी त्या दिवशी कोणाला हात लावला नाही.

आता दर शनिवारी रात्री दांडीखालून पांढरं फडकं फिरवतो. एक कडकनाथ मात्र अजून आंब्यावरच झोपते. बुंध्याला पत्रा गुंडाळलाय, म्हणजे रानमांजराला चढता येत नाही. शिडी मी काढून ठेवली आहे.