कमरेचें उसनें हाड



आर्वी-कारंज्याकडील बागाइतदार जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. कलम जगलें कीं सर्वांची नजर त्याच्याकडे. ज्या झाडानें डोळा दिला त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. माणसाच्या हाडाचेंहि असेंच होतें.

न जुळणाऱ्या अस्थिभंगावर, अथवा क्षयानें खचलेल्या मणक्यावर, शल्यवैद्य रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा बसवितात. त्यांत जिवंत पेशी असतात आणि शरीर त्याला परका मानीत नाहीं. १९६९ सालीं सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हांपासून मोठ्या शस्त्रक्रियांची सोय आपल्या जिल्ह्यांत झाली. रोगी घरीं परततो, पायाची काळजी घेतो आणि कमरेला विसरतो. तेथें कांहीं आठवडे दुखणें हें अपेक्षितच. त्याबद्दल घाबरण्याचें कारण नाहीं. मला बोलावयाचें आहे तें क्वचित् घडणाऱ्या, पण घडल्यास फसविणाऱ्या प्रकारांविषयीं.

कमरेच्या हाडाच्या कडेला पोटाचे स्नायू चिकटलेले असतात. त्या हाडाची पूर्ण जाडी काढली तर मागें खिंडार राहतें, आणि त्यांतून आंतडें बाहेर येऊं शकतें. इंग्लंडांतील शल्यवैद्य ओल्डफील्ड यांनीं १९४५ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत अशा अंतर्गळाविषयीं लिहिलें होतें. हा फुगवटा कधीं महिन्यांनीं तर कधीं वर्षांनीं दिसूं लागतो. खोकतांना तो वाढतो, निजल्यावर ओसरतो. घरचीं माणसें त्यास गळूं समजून पोटीस बांधतात. त्याहून वाईट म्हणजे एखादा तें फोडावयास सरसावतो. आंत पू नसून आंतडें असतें! गोळा कठीण झाला, दाबून आंत जाईना, पोटांत कळा व ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. शल्यवैद्यास 'येथून हाड काढलें होतें' एवढें आधीं सांगावें, म्हणजे अर्धें निदान झालें.

दुसरा प्रकार हाडाच्या पुढल्या टोकाचा. मांडीचा एक लांब स्नायु तेथून निघतो. तुकडा त्या टोकाच्या फार जवळून घेतला, तर उठतां-चालतांना स्नायूच्या ओढीनें टोकच मोडतें. म्हणून निदान तीन सेंटिमीटर जागा सोडून मागून हाड घ्यावें असा दंडक आहे. मोडलेंच, तर बहुधा विश्रांतीनें भरून येतें.

त्याच टोकाजवळून मांडीच्या बाहेरील त्वचेचा मज्जातंतु जातो. तो दुखावला तर मांडी बधिर होते, किंवा जळजळते. वेचणीच्या दिवसांत बायका कापसासाठीं कमरेस फडकें घट्ट आवळतात. त्याचा दाब नेमका तेथें पडतो. मांडीला अशी बधिरता असेल, तर त्या हंगामापुरती कापसाची झोळी खांद्यास अडकवावी.