तीन हिरवे दिवे
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, दहा मिनिटं बोला, फक्त मेंटेनन्सवर नको." म्हणून आज दिव्यांवर बोलतो. जिन्यातल्या नव्हे, माझ्या विमानातल्या!

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की निवृत्तीनंतर मी घराच्या मागच्या खोलीत विमानाचं कॉकपिट बांधलं. प्लायवूड, जुनी खुर्ची, कॉम्प्युटर आणि नातवाने शिकवलेला अर्डुइनो बोर्ड. विमान उडतं ते पडद्यावर. पण बटणं, दांडे आणि दिवे हात लावून बघण्यासारखे आहेत. चाकांच्या दांड्याजवळ तीन हिरवे एलईडी आहेत: डावं चाक, उजवं चाक आणि पुढचं, नाकाखालचं. चाक खाली येऊन घट्ट बसलं की त्याचा दिवा लागतो. तिन्ही लागले की मगच उतरायचं.

दोन वर्षांपूर्वी पुढच्या चाकाचा दिवा गेला. मी बाजारातून नवा हिरवा एलईडी आणून बसवला. एलईडीला सरळ-उलटं असतं. लांब पाय धन बाजूला. ते नीट पाहून डाग दिला. एकट्याला लावून पाहिला, छान लागला. मग विमान उतरवायला घेतलं, चाकं खाली केली. डावा लागला, उजवा लागला, नवा मात्र अंधारात!

आता बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. बॅलन्स जुळला नाही तर आम्ही घरी जात नसू. फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत हे आधी तपासायचं. म्हणजे चूक शोधायलाही रीत असते. तीच इथे लावली. आधी कॉम्प्युटर हुकूम देतोय का ते पाहिलं. देत होता. मग दोन दिव्यांच्या वायरी अदलाबदल केल्या. तरी अंधार त्या नव्या दिव्यावरच. म्हणजे वायर आणि बोर्ड निर्दोष. पण दिवाही निर्दोष, कारण एकटा लावला की लागतो! एकटा असताना गाणारा माणूस समूहगीतात गप्प, असा प्रकार.

शेवटी मल्टीमीटर घेऊन प्रत्येक दिवा एकटा लावून मोजला. जुन्या दोघांवर दोन व्होल्ट, नव्यावर तीन. हिरवे दोन्ही, पण जात वेगळी. आणि खरी चूक माझीच निघाली. एलईडीला प्रवाह आवरायला रेझिस्टर लागतो. प्रत्येकाला स्वतंत्र हवा. मी काटकसर करून तिघांच्या सामाईक अर्थवर २२० ओहमचा एकच बसवला होता. बोर्डाचे पाच व्होल्ट. जुने दिवे दोन घेणार, उरलेले तीन रेझिस्टरवर. मग नव्याच्या वाट्यालाही दोनच. त्याला लागतात तीन. तो कसा पेटणार?

चौथ्या मजल्यावरच्या मंडळींना हे लगेच कळेल. पूर्वी आपल्याकडे एकाच पाइपवर सगळे मजले होते. खालचे नळ उघडले की वर थेंब येत नसे, आणि खालचे बंद झाले की वर धो धो पाणी. वरच्या नळात दोष नव्हताच. तसंच हे. तीन दिव्यांना तीन रेझिस्टर लावले, काही रुपयांचं काम, आणि तिन्ही हिरवे लागले.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान मायामीला उतरत होतं. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटवर ठेवलं आणि कॉकपिटमधली माणसं त्या दिव्याच्या मागे लागली. तेवढ्यात उंची राखण्याची व्यवस्था नकळत सुटली. विमान हळूहळू खाली येत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १०१ माणसं गेली. चाक खाली आलेलंच होतं. गेला होता फक्त दिवा.

ही हकीकत मी पूर्वीच वाचली होती. इतरांना सांगतही असे. तरी त्या संध्याकाळी मी काय केलं? कानाला हेडफोन, इंजिनाचा आवाज मोठा, हातात मल्टीमीटर, तीन तास. बाहेर हिची साखर खाली गेली होती. घाम, हातपाय थरथरत होते. हिने मला तीन हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नाही. शेवटी हिने कसाबसा समोरच्या वहिनींना फोन केला. त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते. त्यांनी येऊन साखरपाणी दिलं, हिला बसतं केलं आणि मग माझ्या खोलीचं दार उघडलं. मी काय म्हणालो असेन? "वहिनी, सापडलं बघा, रेझिस्टरचा घोळ होता!"

त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आज सर्वांसमोर त्यांचे आभार मानतो. त्या दिवशी राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक दिवा बसवला. खऱ्या विमानात वैमानिकाच्या समोर पिवळसर 'मास्टर कॉशन' दिवा असतो. तो लागला की हातातलं काम थांबवून आधी बघायचं. माझ्या पॅनलवर तो डोळ्यांसमोरच आहे. त्याची दोन बटणं, एक स्वयंपाकघरात आणि एक हिच्या पलंगाशी. दिव्याखाली मी 'घर' असं लिहिलंय. त्याचा रेझिस्टर स्वतंत्र आहे, आणि दर रविवारी तो मी तपासतो. हेडफोन आता एकाच कानाला.

हिची तक्रार अशी की चहा झाला तरी ती तेच बटण दाबते. दाबू दे. विमान हवेत असलं तरी मी उठतो.

मुलांनो, रविवारी चार ते सहा विमानतळ खुला आहे. आजी-आजोबांना विचारून या. पंचवीस वर्षं एकमेकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या या सोसायटीला शुभेच्छा देऊन मी माझे दोन शब्द संपवतो.