बाबासाहेबांची स्वतःची साक्ष आणि त्यांच्या जीवनावरील कादंबऱ्या

(बुलढाणा जिल्ह्यातील एका विहाराच्या वाचन-मंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दीक्षा घेतल्यानंतर घरात पहिले पुस्तक कोणते आणावे, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी मला विचारला आहे. वकिलाला कायद्याचे पुस्तक विचारावे, चरित्राचे कशाला, असे म्हणून मला सुटता आले असते. परंतु हा प्रश्न मुळात पुराव्याचा आहे, आणि पुरावा पारखून घेणे हाच माझा रोजचा धंदा आहे. म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

बाबासाहेबांचे जीवन आपल्या घरात अनेक वाटांनी येते. जलशातील गाणे येते, जयंतीचे व्याख्यान येते. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा चित्रपट आहे, २०१९ साली सुरू झालेली दूरदर्शन-मालिका पुष्कळ घरांनी पाहिली आहे. चरित्रात्मक कादंबऱ्या आहेत, लहान मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी आहेत. या सर्वांत एक गोष्ट मात्र बहुधा शेवटी येते, किंवा येतच नाही. ती म्हणजे बाबासाहेबांनी स्वतःविषयी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला मजकूर.

तो मजकूर फार मोठा नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्याचे नाव. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली तो पुस्तिकेच्या रूपाने छापला. पुढे महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात तो १९९३ साली आला. छापील पाने तीसच्या आसपास. मराठीतही त्याचे अनुवाद झाले आहेत. तो १९३५-३६ च्या सुमारास लिहिला गेला असे बहुधा सांगतात. परंतु त्यातच ६ मार्च १९३८ रोजी दादरच्या कासारवाडीत भरलेल्या सभेचा उल्लेख आहे. म्हणजे निदान तो भाग तरी त्या तारखेनंतरचा असला पाहिजे. कागद हातात आला की त्यावरील तारीख प्रथम पाहावी, ही आमच्या धंद्यातील सवय येथेही उपयोगी पडते.

आरंभीच बाबासाहेब सांगतात की, अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसास समजावयाचे तर दोन मार्ग आहेत : एक सामान्य वर्णन करण्याचा, दुसरा प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे मांडण्याचा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. येथे त्यांच्यातील बॅरिस्टर बोलतो. न्यायालयात ऐकीव गोष्टीस सहसा थारा नसतो. ज्याने पाहिले त्याने पाहिलेले सांगावे, ज्याने ऐकले त्याने ऐकलेले सांगावे. १८७२ चा पुरावा कायदा हेच सांगत होता, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेला भारतीय साक्ष्य अधिनियमही हेच सांगतो. कादंबरीकार तेथे हजर नव्हता. त्याने ऐकले, वाचले आणि उरलेले मनाने जुळविले. यात गुन्हा काही नाही. परंतु जुळविलेले कोणते आणि घडलेले कोणते, हे वाचणाऱ्यास कळले पाहिजे.

आता एक प्रकरण घेऊ. १९०१ साली सातारा येथून भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीचे दोन मुलगे वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्थानकावर उतरले. न्यावयास कोणी आले नव्हते. आपण जी गोष्ट ऐकत आलो तीत बहुधा असे असते की, गाडीवानाने वाटेत जात ओळखली आणि मुलांना गाडीतून खाली ढकलले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. बाबासाहेब मात्र वेगळे सांगतात. जात कळली ती स्थानकावरच, स्टेशन मास्तरने विचारले तेव्हा. मग एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला. अट अशी की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. त्यानंतर ते सांगतात, आणि हे मला कोणत्याही रचलेल्या गोष्टीत आढळले नाही, की काही मैल गेल्यावर तो गाडीवान एकाएकी गाडीत चढून बसला आणि त्याने कासरे हाती घेतले. विटाळाच्या भीतीने भाडे नाकारणारा माणूस त्याच मुलांना खेटून बसला! मुलांना नवल वाटले, पण विचारण्याची छाती झाली नाही.

कादंबरीकार हा गाडीवान चढलेला दाखवीत नाही, कारण त्यामुळे खलपुरुष पुरता खल राहत नाही. बाबासाहेब तो दाखवितात, कारण तसे घडले. आणि खरे पाहता त्यामुळेच आरोप अधिक जड होतो. विटाळ मानणारा माणूसही थकला की विटाळ विसरतो, मग तो धर्म कसला, असा प्रश्न त्या एका ओळीतून आपोआप उभा राहतो; त्यासाठी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

त्याच रात्री पाणी मिळावे म्हणून टोलनाक्यावर त्या मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगितले. पाणी मिळालेच नाही. पुढे १९१७ साली, अमेरिका व इंग्लंड येथे शिकून आल्यावर, बडोद्यास पारशांच्या धर्मशाळेत राहता यावे म्हणून त्यांनी पारशी नाव धारण केले. अंगावर सदरा आणि कस्ती नसल्याचे तेथील रखवालदाराच्या ध्यानात आले होते. तडजोड म्हणून वहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एका हिंदू मित्राकडे विचारून पाहिले. त्याचे उत्तर असे की तुम्हास ठेवले तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती झालेला होता. त्याने बायकोचा विचार घेण्याचे निमित्त केले. मुंबईच्या गाडीस पाच तास होते. ते पाच तास या विद्वानाने कामाठी बागेत बसून काढले.

नवदीक्षित कुटुंबांनी या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे असे मी म्हणतो, याची कारणे दोन आहेत. पहिले, खोटे नाव सांगितल्याची गोष्ट बाबासाहेब लपवीत नाहीत. कादंबरीच्या नायकास खोटे नाव शोभत नाही, म्हणून तो प्रसंग झाकण्याचा मोह होतो. पण शहरात भाड्याची खोली पाहताना ज्याने आडनाव सांगताना आवंढा गिळला आहे, त्याला हाच प्रसंग जवळचा वाटेल. दुसरे, दार बंद करणारे केवळ हिंदू नव्हते. पारशी होते, आणि ज्याने धर्म बदलला होता असा मित्रही होता. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात हौदावर हातपाय धुतल्याबद्दल या मंडळींस शिव्या देणारा वृद्ध गृहस्थ मुसलमान होता. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, कोठे पाण्याला हात लागू नये म्हणून. आपल्या शाळांच्या सहली चिखली-देऊळगाव राजावरून दौलताबादेस जातात. किती शिक्षक तेथे हा प्रसंग सांगतात? धर्म बदलला म्हणजे माणसाच्या मनातील जात आपोआप गेली असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही, हे या पानांवरून दिसते. रचलेल्या गोष्टीत शत्रू एकच असावा लागतो. साक्षीत तसे बंधन नसते.

चाळीसगावचे प्रकरण तर आपल्याच लोकांविषयी आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव येथून मुंबईस जाणाऱ्यांना हे स्थानक परिचयाचे आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामानिमित्त बाबासाहेब तेथे उतरले. स्थानकावर हार घालण्यात आले, आणि मग तासभर काहीच हालचाल नाही. टांगेवाले अस्पृश्यास बसवून टांगा हाकावयास तयार नव्हते. साहेबांनी पायी चालत यावे हे महारवाड्यातील मंडळींस सहन होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातीलच एकास हाकावयास बसविले. त्या बिचाऱ्यास ते काम येत नव्हते. नदीवरील फरशीच्या पुलावर घोडा उधळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्यांचा मान राखावा म्हणून मंडळींनी त्यांचा जीव धोक्यात घातला, असा स्पष्ट अभिप्राय ते देतात. मिरवणुकीत अधिक मोठा पुतळा, अधिक उंच रथ, याची ईर्ष्या आपल्या तालुक्यांतही कमी नाही. त्या मंडळींनी हे प्रकरण एकदा वाचावे. पण ते टांगेवाल्यासही सोडीत नाहीत. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा तो सामान्य टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, आणि हे श्रेष्ठत्व त्याला केवळ जन्माने मिळते, याची नोंद ते तेथेच करतात.

साक्ष नेहमीच निर्दोष असते असेही समजू नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तीत ते सांगतात की, इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर समाजाने सभा भरविली, दादा केळुसकर अध्यक्ष होते आणि त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. धनंजय कीर यांच्या चरित्रात हीच भेट १९०७ च्या मॅट्रिकनंतरची आहे आणि अध्यक्ष सी. के. बोले आहेत. अर्धशतकापूर्वीच्या तारखेत सांगणाऱ्याची चूक होऊ शकते. चरित्रकाराचीही होऊ शकते. अशा वेळी दोन्ही जबान्या शेजारी ठेवाव्या. पण त्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे जी सभेच्या वर्णनात सहसा सांगितली जात नाही : रामजीबाबांनी प्रथम सभेस नकार दिला होता. पोराने परीक्षाच तर दिली आहे, सत्काराने त्याचे डोके चढेल, असे त्यांचे म्हणणे. असा बाप कोणत्या कादंबरीकाराने कल्पनेने निर्माण केला असता?

मग कादंबऱ्या वाचू नयेत काय? तसे मी म्हणत नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये रमाबाईंचे जीवन नाही. त्या माउलीने स्वतः चरित्र लिहिले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. जिची जबानी कोणी घेतली नाही तिच्या मनात शिरण्यास कादंबरीवाचून दुसरे साधन कोणते? डॉ. यशवंत मनोहर यांची ‘रमाई’ त्या दृष्टीने वाचावी. तसेच ‘भीमायन’ ही २०११ सालची चित्रकादंबरी. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान-गोंड चित्रकारांनी ती चितारली आणि ती मुख्यतः याच आठवणींवर उभी आहे. पाणी, निवारा, प्रवास असे तिचे भाग आहेत. तीत दुष्ट बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात लिहिलेले असते आणि मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कोण कसे बोलले ते कळते. ही कल्पना आहे, पण ती घटना बदलत नाही; घटनेवर उजेड टाकते.

माझा आक्षेप निराळ्या कल्पनेला आहे. जन्मापूर्वी एका संन्याशाने भविष्य सांगितले होते, कुळात महापुरुष जन्मणार होता, ही कथा आपल्या घरांत अजून कौतुकाने सांगितली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतार नाकारलेला आहे. त्याच प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा वर मागच्या दाराने आत येतो. खुद्द बुद्धाच्या चरित्राशी बाबासाहेब कसे वागले ते पाहा. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलेच नव्हते, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट बुद्धीला पटत नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि गृहत्यागाचे कारण म्हणून शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. ज्यांनी तथागतांच्या चरित्रातील कथाही तपासून घेतली, त्यांच्या चरित्रातील कथा आपण न तपासता मुलांस द्यावी काय?

आणखी एक. या आठवणींतील सहा प्रकरणांपैकी अखेरची दोन बाबासाहेबांची स्वतःची नाहीतच. एक काठेवाडातील शिक्षकाचे. त्याच्या बाळंत पत्नीला डॉक्टरने नीट तपासले नाही आणि ती दगावली. त्याचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आले होते. दुसरे बोरसद तालुक्यात तलाठी नेमलेल्या भंगी तरुणाचे. त्याला कचेरीत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, गावात घर मिळाले नाही, अखेर जिवाच्या भीतीने तो मुंबईस आईबापांकडे परतला. कासारवाडीच्या सभेत त्याने हे सांगितले आणि बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत सामील केले. कादंबरीत नायक पानोपानी लागतो. येथे मात्र तो बाजूला सरतो आणि इतरांस साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

पुढील पौर्णिमेच्या बैठकीस आपण मसूरच्या प्रवासापासून वाचन सुरू करू. बाराव्या खंडाची आणि मराठी अनुवादाची एकेक प्रत वाचनालयात ठेवली आहे. ‘रमाई’ त्यानंतर. येताना प्रत्येक घराने आपल्याकडील वृद्ध माणसाची एक आठवण कागदावर लिहून आणावी : गाव कोणते, साल अंदाजे कोणते, पाणी किंवा दार कोणी नाकारले, आणि कोणी दिले असल्यास त्याचेही नाव. स्वतःचे काही घालू नये. खाली सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा.